नऊ दिवस, एक परात

सुट्टी नऊच दिवसांची का, याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. जगभरच्या हवेतलं सगळं बाष्प एकदम पिळून काढलं, तर पृथ्वीवर साधारण २५ मिलिमीटर पाणी साचेल. अंगठ्याच्या पेराएवढं, बस. आणि पृथ्वीवर वर्षाला सरासरी पाऊस पडतो १ मीटरच्या आसपास. म्हणजे ही एवढीशी शिल्लक वर्षातून चाळीस वेळा रिकामी होते आणि चाळीस वेळा भरते. ३६५ भागिले ४०, नऊ दिवस. आज समुद्रातून उठलेलं पाणी सरासरीने नवव्या दिवशी कुठेतरी पडलेलं असतं. तेव्हा आपणही नऊ दिवस त्याच्या मागे जाऊ, समुद्रापासून निघून डोंगर ओलांडून पलीकडच्या पठारापर्यंत, असं मी भाचीला सांगितलं.

"मामा, सरासरी नऊ म्हणजे काही रेणू तासाभरात परत येणार आणि काही महिनाभर भटकणार," ती म्हणाली. वनस्पतिशास्त्र शिकते. सोबतीला तिच्यापेक्षा बरं कोणी मिळालं नसतं, आणि तिच्याइतकं त्रासदायकही.

सामान थोडं. एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा. दोन साधे तापमापक, त्यातल्या एकाच्या फुग्याला ओली वात गुंडाळलेली; दोघांच्या आकड्यांतल्या फरकावरून हवेतली आर्द्रता कळते. एक वही. आणि ३६ सेंटिमीटर व्यासाची स्टीलची परात. व्यास मुद्दाम मोजून घेतला होता, कारण या परातीतलं पाणी १०० ग्रॅमने घटलं की पातळी जवळजवळ १ मिलिमीटर उतरते. ही परात पिशवीच्या पाठीला बांधून मी नऊ दिवस कासवासारखा हिंडलो.

गावांची नावं लिहीत नाही. समुद्र, डोंगर आणि डोंगरामागचं पठार जिथे जिथे आहे, तिथे पाणी हेच करतं.

पहिला दिवस

सकाळी आठला समुद्राचं दोन लिटर पाणी परातीत घेतलं आणि किनाऱ्यावरच्या कातळावर ठेवलं. संध्याकाळी सहाला ५६० ग्रॅम कमी. साडेपाच मिलिमीटरच्या वर! परात उथळ, खालून कातळ तापलेला, त्यामुळे खऱ्या समुद्राहून हा आकडा चढाच असणार. तरी समोर पसरलेल्या त्या पाण्याकडे बघून पोटात कसंसंच झालं. दिवसभर डोळ्यांसमोर एवढं पाणी वर गेलं आणि दिसलं काहीच नाही.

परात आणि तराजू ही कल्पना माझी नाही. धूमकेतूवाला एडमंड हॅली याने १६८७ साली हेच केलं होतं. भांड्यात खारं पाणी, ते उन्हाळ्यातल्या हवेइतकं तापवलेलं, त्यात तापमापक, आणि भांडं तराजूच्या एका बाजूला टांगलेलं. त्यावरून त्याने बारा तासांच्या दिवसाला एक दशांश इंच, म्हणजे अडीच मिलिमीटर, असा अंदाज काढला आणि त्या मापाने अख्ख्या भूमध्य समुद्राचा हिशोब मांडला. वारा त्यात धरलेला नव्हता. वारा पाणी चाटून नेतो आणि कधीकधी उन्हापेक्षाही जास्त नेतो, हे मात्र त्यानेच नोंदवलं आहे.

हे वाऱ्याचं मला आधी पटत नसे. पाणी उडतं ते उन्हाने, असंच डोक्यात बसलेलं. पण जगात समुद्रातून सर्वांत जोरात पाणी उडतं ते भर हिवाळ्यात. खंडावरून निघालेला थंड, कोरडा वारा गल्फ स्ट्रीम किंवा कुरोशिओसारख्या उबदार प्रवाहांवरून वाहतो तेव्हा. पाणी कोमट आणि वारा तहानेला, एवढं जमलं की ऊन असलं काय नि नसलं काय. जॉन डाल्टनने १८०२ च्या सुमारास याला सूत्राचं रूप दिलं. पाण्यालगतच्या हवेत बाष्प किती आणि वरच्या हवेत किती, यांतला फरक धरायचा आणि त्याला वाऱ्याचा हात जोडायचा.

रात्री झोपताना भाचीने विचारलं, "यातलं डोंगरापर्यंत पोचणार किती?" समुद्रातून उठलेल्या पाण्यातलं सुमारे नव्वद टक्के पुन्हा समुद्रातच पडतं. जमिनीच्या वाट्याला येतो तो उरलेला दशांश.

दुसरा दिवस

खाडीकाठी मिठागर लागलं. इथे एक दिवस काढायचा हे आधीच ठरवलं होतं, आणि या प्रवासातला माझा सर्वांत आवडता दिवस तोच ठरला.

मिठागरात पाणी एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात सरकत जातं आणि प्रत्येक कप्प्यात दाट होतं. पहिल्यात ते साधं समुद्राचं पाणी. शेवटच्यात बोट बुडवलं तर बोटाला बुळबुळीत लागतं, आणि वाऱ्याने बोट वाळलं की त्यावर पांढरी साय. कडेला पाण्यावर मिठाचे चौकोनी पापुद्रे तरंगत होते, मधोमध खोलगट, उलट्या मनोऱ्यासारखे. भाचीने एक पापुद्रा भिंगाखाली धरला. पायऱ्या मोजता येत होत्या.

दाट पाणी साध्या पाण्यासारखं सहज उडत नाही. मीठ पाण्याला धरून ठेवतं. मिठाने पूर्ण भरलेल्या पाण्यावरची हवा ७५ टक्के आर्द्रतेलाच तृप्त होते, त्यापुढे ती पाणी घेत नाही. मग हवा आधीच ७५ च्या वर असेल तर? तर गंगा उलटी वाहायला हवी, हवेतून पाण्यात.

रात्री छपराखाली दोन भांडी शेजारी शेजारी ठेवली. परातीत गोडं पाणी, आणि वीस सेंटिमीटरच्या एका ताटलीत शेवटच्या कप्प्यातलं दाट पाणी, तळाला मिठाचे खडे तसेच. छप्पर यासाठी, की दव पडल्याची शंका नको. वातीच्या तापमापकाने आर्द्रता नव्वदच्या आसपास दाखवली.

सकाळी परात १४ ग्रॅमने हलकी झालेली. ताटली ९ ग्रॅमने जड!

हवा तीच, छप्पर तेच, रात्र तीच. एकाने हवेला पाणी दिलं, दुसऱ्याने घेतलं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत पाणी का सुटतं याचं उत्तर हे. मीठ पाणी सोडत नसतं, पाणी ओढून घेत असतं. आपण म्हणतो मात्र उलटंच.

शाळेतल्या जलचक्राच्या चित्रावर माझा राग आहे तो इथूनच. समुद्रातून वर जाणारा एक बाण, ढगातून खाली येणारा दुसरा. जणू पाणी आधी वर जातं आणि मग कधीतरी खाली येतं. खरं तर प्रत्येक ओल्या पृष्ठभागावर दोन्ही बाण एकाच वेळी चालू असतात, आणि भयंकर वेगाने. २० अंशांच्या तृप्त हवेत पाण्याच्या एका चौरस मीटरवर दर सेकंदाला बाष्पाचे जेवढे रेणू आदळतात, त्यांचं वजन भरतं अडीच किलो. सेकंदाला! माझ्या परातीला जे ५६० ग्रॅम दिसले, ते या प्रचंड देवाणघेवाणीतून दिवसअखेर उरलेली बाकी आहे. वाळणं म्हणजे खर्च जास्त, दव म्हणजे जमा जास्त. वही दोन्हीकडे एकच.

भाचीचं म्हणणं पडलं, की चित्रात एवढे बाण काढले तर पोरांचे कागद फाटतील.

तिसरा दिवस

खाडी सोडून जंगलात शिरलो. आता सूत्रं भाचीच्या हातात.

तिने सकाळी नऊला एका पानाळ फांदीला पारदर्शक पिशवी चढवली आणि दोऱ्याने आवळून टाकली. दहा मिनिटांत पिशवी आतून धुरकट. तासाभरात थेंब ओघळायला लागले. दुपारी एकला उतरवून कोपऱ्यातलं पाणी मोजलं, ३१ ग्रॅम. जेमतेम दोन हात लांबीच्या फांदीतून. पिशवीत वारा नाही आणि हवा लगेच तृप्त होते, म्हणजे मोकळ्या फांदीने याहूनही जास्तच सोडलं असणार.

मग तिने पानाच्या पाठीवर बिनरंगाचं नेलपॉलिश लावलं. वाळल्यावर त्याचा पापुद्रा सोलून काढला आणि खिशातल्या छोट्या सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला. पानाचा ठसाच. फरशीसारख्या पेशी, आणि त्यांच्या मध्ये मध्ये ओठ जुळवल्यासारखी तोंडं. ही पर्णरंध्रं. सगळी मिळून पानाची एक-दोन टक्के जागा व्यापतात, पण पानातून जाणारं नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी याच तोंडांतून जातं.

"झाडाला पाणी उडवायची हौस नाही, मामा. त्याला कार्बन डायऑक्साइड हवा असतो. तोंड उघडलं की आतलं पाणी निसटतं." एक रेणू आत घ्यायला पाण्याचे शेकडो रेणू घालवावे लागतात. मुळांनी ओढलेल्या पाण्यातलं जेमतेम दोन-तीन टक्के झाडाच्या अंगी लागतं, बाकीचं हवेत. मला हा व्यापार आतबट्ट्याचा वाटला. "पण त्याच ओढीने पाणी शेंड्यापर्यंत चढतं ना," ती म्हणाली. पानातून रेणू निसटला की तो मागच्याला खेचतो, मागचा त्याच्या मागच्याला, थेट मुळापर्यंत. खाली पंप नाही, वरून ताणलेला पाण्याचा दोर आहे. ही कल्पना डिक्सन आणि जोली यांनी १८९४ साली मांडली.

तराजू इथेही आहेच. स्टीफन हेल्स या पाद्र्याने कुंडीतलं सूर्यफूल घेतलं, मातीवर पत्रा ठोकून कुंडी बंद केली आणि रोज सकाळ-संध्याकाळ वजन केलं. दिवसाला सरासरी २० औंस घट, म्हणजे साडेपाचशे ग्रॅमच्या वर. त्याचं पुस्तक १७२७ चं. माझी परात उन्हात तापलेल्या कातळावर दिवसभरात जेवढं घालवते, तेवढं एक सूर्यफूल!

म्हणून जमिनीवरून हवेत जाणाऱ्या पाण्यात निम्म्याहून मोठा वाटा पानांचा आहे, तळ्या-नद्यांचा नाही. ॲमेझॉनच्या जंगलात तर समुद्रावरून आलेलं पाणी पडतं, झाडं ते पुन्हा वर सोडतात आणि ते आणखी आत जाऊन पडतं. १९७० च्या दशकात ब्राझीलच्या एनेआस सालाती यांनी पावसातला जड ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजनचेच थोडे जास्त वजनाचे अणू, मोजून हे दाखवलं. समुद्रापासून जितकं आत जावं, तितका नुसत्या समुद्राच्या वाफेवर पडणारा पाऊस हलका हलका होत जायला हवा, कारण जड रेणू आधी गळून पडतात. तिथे तो तेवढा हलका होत नाही. म्हणजे मधली झाडं पाणी परत करत असणार.

रात्री परात झाडाखाली ठेवली. सकाळी काटा म्हणतो, १४० ग्रॅम गायब. वारा नाही, ऊन नाही, हवा दमट. मी अर्धा तास कारणं शोधत बसलो. भाचीने बोटाने नुसतं दाखवलं, परातीच्या कडेभोवती चिखलात उमटलेले चार पंजे. ही नोंद वहीत आहे, "श्वानोत्सर्जन" या सदराखाली.

चौथा दिवस

डोंगराच्या पायथ्याशी तापमापक पाहिले. कोरडा २८ अंश, ओला साडेतेवीसच्या जवळ. तक्त्यावरून दवबिंदू, म्हणजे जिथवर गार झाल्यावर हवा तृप्त होते ते तापमान, निघाला २२. एक साधा ठोकताळा आहे. हे दोन आकडे वजा करा आणि १२५ ने गुणा, ढगाचा तळ तेवढे मीटर वर. ६ गुणिले १२५, साडेसातशे.

हवा वर चढते तशी तिच्यावरचा दाब उतरतो, ती फुगते आणि फुगण्यात स्वतःची उष्णता खर्च करते. किलोमीटरला जवळजवळ १० अंश. बाहेरून कोणी थंड करावं लागत नाही. दमट हवा वर जायला राजीही असते, कारण ती कोरड्या हवेपेक्षा हलकी. पाण्याचा रेणू १८ चा, नायट्रोजनचा २८ चा, ऑक्सिजनचा ३२ चा. दमट दिवशी आपल्याला हवा 'जड' वाटते ती घाम वाळत नाही म्हणून. काट्याला विचाराल तर ती हलकीच.

फोनवरची उंची बघत चढत होतो. पायथ्यापासून ७१० मीटरवर पायवाटेचं पुढचं वळण दिसेनासं झालं. ढगात शिरलो होतो. हिशोब ४० मीटरने चुकला, आणि तरी मी वाटेतच परात बडवली.

आत काय असतं? पांढरा काळोख. भुवयांवर, स्वेटरच्या लवेवर, कोळ्याच्या जाळ्यावर बारीक मणी. ढगातला कण मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाएवढा, सेकंदाला सेंटिमीटरभर खाली येणारा. म्हणजे पडतच असतो, फक्त खालून येणारी हवा त्याला पोचू देत नाही. आणि हे कण नुसत्या बाष्पाचे आपोआप बनत नाहीत, टेकायला काहीतरी लागतं. मीठ, धूळ, धूर. स्कॉटलंडच्या जॉन ऐटकेनने १८८० च्या सुमारास बाटल्यांमध्ये वाफ सोडून पाहिली. साध्या हवेत धुकं भरलं, कापसातून गाळलेल्या हवेत काहीच नाही. परवाच्या मिठागरातलं, लाटांच्या फेसातून उडालेलं मीठ इथे थेंबाच्या पोटात असेल, या विचाराने मी तासभर खूश होतो.

पाऊस नव्हता. वाट कोरडी होती, पण प्रत्येक झाडाखाली मात्र टपटप चालू. पानं आणि शेवाळं ढग गाळून घेत होती. चिलीच्या कोरड्या किनाऱ्यालगत डोंगरांवर जाळ्या उभारून असंच धुकं पकडतात. इथे झाड हीच जाळी.

संध्याकाळी निवाऱ्याच्या झोपडीत किटली चढवली. तिच्या चोचीपासून दोन बोटं काहीच दिसत नाही आणि त्यापुढे पांढरा लोळ सुरू होतो. ती दोन बोटांची रिकामी जागा म्हणजे खरी वाफ. पांढरं दिसतं ते पाणीच, परत पाणी झालेलं. पाण्याचं जाणं आपल्याला कधी दिसत नाही, परतणं तेवढं दिसतं.

पाचवा दिवस

दिवसभर पाऊस. झोपडी सोडता आली नाही.

सात तासांत परातीत २.३ किलो, म्हणजे २३ मिलिमीटर. उडालेले शिंतोडे वेगळे.

दुपारी भाचीने परात पुसून तिच्यात कोरडं पीठ पसरलं आणि दोन सेकंद पावसात धरून आत घेतली. हिमकणांचे फोटो काढणारा अमेरिकी शेतकरी विल्सन बेंटली याने १९०४ साली ही रीत छापली होती. थेंब पिठात पडला की त्याची गोळी बनते, वाळवायची आणि चाळायची. आमच्या गोळ्या मोहरीपासून ज्वारीच्या दाण्यापर्यंत निघाल्या. दोन मिलिमीटरचा एक थेंब बनायला ढगातले दहा लाख कण एकमेकांत मिसळावे लागतात. तो सेकंदाला साडेसहा मीटर वेगाने येतो. आणि त्याला चित्रातल्यासारखं टोक नसतं. लहान थेंब गोल, मोठा खालून चपटा, पाच-सहा मिलिमीटरच्या पुढे गेला की फुटतो.

पाऊस थांबल्यावरही झाडं तासभर ठिबकत होती, आणि ऊन आलं तसा सगळा डोंगर वाफाळला. जंगलावर पडलेल्या पावसातला दहा ते तीस टक्के, कधी त्याहूनही जास्त, पानांवरूनच परत जातो. जमिनीला त्याचा पत्ताच नसतो.

सहावा दिवस

खिंड ओलांडली. पलीकडे दोन तासांत स्वेटर उतरला. पठारावर कोरडा ३१, ओला २१. आर्द्रता चाळीसच्या घरात.

हवा चढताना थंड होते तशी उतरताना तापते, किलोमीटरला तेच १० अंश. पण चढताना ढगात शिरल्यावर ती तेवढी थंड झालेली नसते, कारण पाणी बनताना बाष्प आपली उष्णता सोडतं. ती उष्णता हवेत राहिली आणि पाणी अलीकडे पडून गेलं. त्यामुळे पलीकडे तीच हवा त्याच उंचीवर जास्त उबदार, जास्त कोरडी. पहिल्या दिवशी समुद्राने एक ग्रॅम पाण्याबरोबर जवळजवळ ५८५ कॅलरी दिल्या होत्या. तेच एक ग्रॅम पाणी गोठणबिंदूपासून उकळीपर्यंत तापवायला १०० पुरतात. हे गाठोडं खिंडीत सोडलं गेलं. पठारावरचा कोरडेपणा सगळा यातूनच आला असं नाही, ऊन आणि उघडी जमीनही होती. पण पाठीला झोंबणाऱ्या त्या उन्हात थोडा समुद्र होता, एवढं नक्की.

सातवा दिवस

आभाळ निरभ्र, वारा पडलेला, रात्र गार. दवासाठी याहून चांगली रात्र मिळणार नव्हती. परात कोरडी करून गवतावर ठेवली आणि समाधानाने झोपलो.

पहाटे गवत चिंब. पिशवी चिंब. चपला चिंब. परात? जवळजवळ कोरडी! काटा म्हणाला, १ ग्रॅम. मला तिचा अपमान झाल्यासारखं वाटलं. सहा दिवस पाठीवर वाहिलेली.

दव 'पडतं' हा शब्दच फसवा आहे. वस्तू उघड्या आभाळाकडे उष्णता फेकून हवेपेक्षा गार होतात, दवबिंदूच्या खाली जातात, आणि मग त्यांना टेकलेली हवा पाणी सोडते. चकचकीत धातू उष्णता फेकण्यात कंजूष. गवताचं पातं उदार, शिवाय जमिनीपासून सुटं. लंडनचा डॉक्टर विल्यम वेल्स रात्री-अपरात्री बागेत लोकरीचे मोजून घेतलेले पुंजके ठेवून हे शोधत बसायचा. एक पुंजका फळीच्या वर, एक खाली. वरच्याला दव भरपूर, खालच्याला थोडंच, कारण खालच्याला आभाळ दिसत नव्हतं. त्याचा निबंध १८१४ चा.

त्याच्याही आधी, १६७७ मध्ये हॅली सेंट हेलेना बेटावर तारे मोजत होता. तिथल्या डोंगरावर निरभ्र रात्रीही भिंगांवर एवढं दव धरायचं, की सात-आठ मिनिटांनी ती पुसावी लागत आणि ओल्या कागदावर शाई टिकत नसे. वैतागलेल्या माणसाने वैतागाचं कारण विचारलं, आणि त्यातून डोंगरातल्या झऱ्यांबद्दलचं त्याचं टिपण निघालं.

रात्री मी माझी लोकरी टोपी आधी तोलली, ६२ ग्रॅम. मग ती गवतावर ठेवली. आठव्या दिवशी पहाटे ७१.

आठवा दिवस

पठारावरच्या शेतात एक हवामान नोंदणीची जागा होती. तिथल्या माणसाने माझी परात बघितली, काही बोलला नाही, आणि स्वतःची दाखवायला घेऊन गेला. लाकडी चौकटीवर ठेवलेलं गोल पात्र, सव्वा मीटरला थोडा कमी व्यास, २५ सेंटिमीटर खोल. वरून तारेची जाळी. जाळी कशाला, असं मी विचारलं नाही. ते पंजे मला अजून दिसत होते.

त्याहून भारी होतं ते जमिनीत. मातीने भरलेली मोठी टाकी, वर आजूबाजूसारखंच पीक, खाली वजनाचा काटा. पिकासकट जमीनच तोललेली. उन्हाबरोबर तिचं वजन उतरतं, पावसाने वाढतं. हेल्सची कुंडी, फक्त कुंडीतली माती आणि शेतातली माती यांत आता फरक नाही.

वजनाचा आलेख बघताना एक गोष्ट ध्यानात आली. माती भिजल्यावर पहिले एक-दोन दिवस ती उघड्या पाण्यासारखंच पाणी सोडते. मग वरचा थर सुकतो आणि रेघ एकदम सपाट होत जाते. खाली ओल असते, पण वर येण्याच्या बारीक नळ्या तुटलेल्या. सुकलेला थर खालच्या ओलीचं झाकण बनतो. 'एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी' ही म्हण याच झाकणाची. वरची माती भुसभुशीत केली की नळ्या तुटतात, भेगा बुजतात, आणि पाणी पिणारं तणही जातं.

आणि 'वाफसा'. भाचीला हा शब्द माहीत नव्हता. पाऊस थांबल्यावर जादा पाणी निचरून जातं, मातीच्या मोठ्या पोकळ्यांत हवा शिरते, लहान पोकळ्यांत ओल राहते. मूठ दाबली तर गोळा होतो, बोटाने ढकलला तर फुटतो. तिने खाली बसून मूठभर माती दाबली, ढकलली, गोळा फुटला. "म्हणजे पाणी आणि हवा दोघंही घरात आहेत," ती म्हणाली. परीक्षेत हे लिहू नकोस असं मी सांगितलं, पण माझ्या वहीत लिहून घेतलं.

नववा दिवस

पठाराच्या कडेला, कातळाच्या फटीतून एक झरा येतो. प्रवास इथे संपवायचा होता.

नदी नुसत्या पावसावर वाहू शकेल, हे शतकानुशतकं लोकांना पटत नव्हतं. समुद्राचं पाणी जमिनीखालून डोंगरात चढतं, असंच बरेच जण मानत. १६७४ मध्ये पियर पेरो या फ्रेंच गृहस्थाने सेन नदीच्या वरच्या खोऱ्यावर पडणारा पाऊस आणि नदीतून जाणारं पाणी यांचा मेळ घातला. पाऊस सहापट निघाला. नदीला पुरून उरलेलं पाणी मग जातं कुठे? आता आठ दिवसांच्या आकड्यांनी भरलेली वही हातात होती, त्यामुळे त्या पाच हिश्शांचं मला नवल वाटलं नाही.

माझ्या नऊ दिवसांच्या हिशोबाचं मात्र इथे हसं झालं. झऱ्याचं पाणी परवाच्या पावसाचं असेल असं मी धरून चाललो होतो. भाचीने तापमापक धरला. पाणी गार, पण थंडगार नाही, आणि सकाळी, दुपारी, संध्याकाळी अगदी तेवढंच. खोलातून येणारं पाणी ऊनसावलीला विचारत नाही. ते कातळात महिने मुरलेलं असेल, वर्षंही. काही ठिकाणी भूजल हजारो वर्षांपूर्वीच्या पावसाचं असतं. हवेत नऊ दिवसांचा पाहुणचार, जमिनीत बेमुदत मुक्काम. पंचवीस मिलिमीटरच्या शिलकीवरून मी अख्ख्या पाण्याचं वेळापत्रक ठरवायला निघालो होतो.

गाडीला अवकाश होता. परातीत झऱ्याचं पाणी घेतलं, तोललं, आणि मग कंटाळा आला. नऊ दिवसांत पहिल्यांदाच. ते तसंच तापलेल्या कातळावर ओतलं. काळा डाग पसरला आणि लगेच कडांनी आत यायला लागला. कडेला थर पातळ, आणि निसटलेल्या बाष्पाला पांगायला बाजूलाही मोकळी हवा. मधल्याला फक्त वरची वाट. डागाचे दोन झाले, मग तीन. भाचीने घड्याळ लावलं होतं.

गाडी आली तेव्हा मधल्या खळगीत नखाएवढी ओल उरली होती. मी परात पाठीला बांधली. ती उठली नाही. हात वर करून तिने ड्रायव्हरला थांबायची खूण केली.